जिचं नाव विचारायचं राहून गेलं

आमच्या धम्मात कुणाकडे काही मागायचं नसतं. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात हेच शिकवलं गेलं, की बुद्ध वाट दाखवतात, चालायचं आपणच. पवनीच्या विहारात लहानपणापासून मी त्रिशरण म्हणत आलो आणि त्या शिकवणीचा मला अभिमानच होता. पण लेक कळांनी कण्हायला लागली की तो अभिमान कुठे जायचा कोण जाणे. वाटायचं, शेजारच्या घरी देव आहे, नवस आहे, रागावून भांडायचं म्हटलं तरी समोर कुणीतरी आहे. आपल्याला कोण आहे?

लेकीचं नाव प्रज्ञा. लाखांदूरच्या पोस्टात नोकरी करते, रोज एसटीनं जाते-येते. तिला सिकलसेल आहे. आमच्या भागात हा आजार पुष्कळांना असतो. तो रक्तातच असतो. ऊन, दमणूक, पोटात पाणी कमी जाणं, एवढं निमित्तही त्याला पुरतं, आणि मग हाडं फुटतील अशी कळ येते. माझा धाकटा भाऊ याच कळांनी ऐन तरुणपणी गेला. तेव्हा आजाराचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. वात आहे म्हणून आई त्याचे पाय तेलानं चोळत राहिली. पुढे प्रज्ञाचं रक्त तपासलं, तेव्हा भावाला काय झालं होतं ते इतक्या वर्षांनी कळलं. हेही कळलं, की माझ्यात आणि तिच्या आईत तो दोष अर्धा-अर्धा दडलेला होता. लग्नाआधी रक्त तपासावं, हे त्या काळी आम्हाला कोण सांगणार होतं? तरी ती रुखरुख माझ्या मनातून जात नाही.

भंडाऱ्याहून श्रीलंकेला धम्मयात्रा निघाली तेव्हा प्रज्ञानंच हट्ट धरला. तिच्या आईचे गुडघे चालत नव्हते, म्हणून आम्ही बापलेकच निघालो. अनुराधपूरचा बोधिवृक्ष पाहिला, कँडीचं, बुद्धांचा दात जपलेलं दंतमंदिर पाहिलं. सगळे भारावून गेले होते. मी मात्र हात जोडून उभा राहायचो आणि आत काहीच हलायचं नाही. माझं लक्ष लेकीच्या पाण्याच्या बाटलीकडे.

परतीच्या आदल्या दिवशी आम्हाला गॉलला नेलं. समुद्राला लागून डचांनी बांधलेला मोठा किल्ला, आणि किल्ल्याच्या आतच अख्खं गाव. कौलारू बैठी घरं, पुढे खांबांच्या पडव्या, अरुंद गल्ल्या, मशीद, चर्च, पांढरा विहार, सगळं एकाच तटाच्या कुशीत. बस दरवाजाबाहेर थांबली. प्रज्ञानं समुद्र कधी पाहिलाच नव्हता. तटावर चढली आणि वाऱ्यात ओढणी सावरत कितीतरी वेळ पाहत राहिली. ऊन चढत होतं. मला तिला हाक मारवेना. मंडळी दीपगृहाकडे पुढे निघून गेली.

खाली उतरून गल्लीत आलो आणि ती एका घराच्या पायरीवर मटकन बसली.

"बाबा, पाय दुखून राहिले," ती म्हणाली. ओठ पांढरे पडले होते.

"लय का?"

"लय. गोळ्या बसमंधी राहिल्या. तुमी जा, घेऊन या. मी बसतो इथं."

तिला असं सोडून कसा जाऊ? माझ्या फोनला तिथलं सिम नव्हतं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. ती पोटऱ्या धरून वाकली, तिच्या तोंडून आवाजही निघेना, आणि मला भावाचा चेहरा दिसला. त्या क्षणी मी जे आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. मी मागितलं. कुणाकडे, ते सांगता येणार नाही. डोळे मिटले आणि मनात एवढंच म्हणालो, आता माझ्यानं होत नाही.

पायरीमागचं दार उघडलं. डोक्यावरून पदर घेतलेली एक म्हातारी मुसलमान बाई बाहेर आली. तिनं प्रज्ञाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मोडक्या हिंदीत म्हणाली, "अंदर लाओ. इधर धूप बहुत."

आम्ही दोघांनी मिळून तिला आतल्या बाकावर निजवलं. मी हातवारे करत सांगू लागलो, खून की बीमारी है, सिकलसेल, बचपन से. आजाराचं नाव ऐकताच बाई एकदम थांबली.

"मालूम है," ती हळू म्हणाली. "मैं अरब में काम करती थी. मालिक का बच्चा था, यही बीमारी. रोता था तो मैं ही पकड़ती थी."

त्या गावात किती दारं होती. त्यातल्या नेमक्या याच दाराच्या पायरीवर माझी लेक बसली होती. मी यावर वाद घालत नाही, काही सिद्धही करत नाही. घडलं ते सांगतो.

तिनं कोमट पाणी आणलं, घोट-घोट पाजलं, गरम कापडात पाय गुंडाळले. मग मला म्हणाली, "तुम जाओ, दवा लाओ. मैं है इधर." मी बसकडे धावलो. किती वर्षांत लेकीला दुखत असताना दुसऱ्या कुणाच्या हाती सोडून मी निघालो नव्हतो. परत आलो तेव्हा प्रज्ञाचं डोकं तिच्या मांडीवर होतं. बाई तिच्या केसांवरून हात फिरवत आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटत होती. गोळी देताना मी विचारलं, "वो बच्चा अब कैसा है?"

"मैं छुट्टी पे घर आई थी," ती म्हणाली. "पीछे से वो चला गया. मैं उसके पास नहीं थी." एवढं बोलून तिनं प्रज्ञाचा हात आणखी घट्ट धरला.

मला भावाविषयी सांगायचं होतं. त्याऐवजी मी प्रज्ञाचा दुसरा हात धरला. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.

तिनंच रिक्षा बोलावली. दवाखान्यात सलाइन लागलं, संध्याकाळपर्यंत कळ ओसरली. सकाळी बस थेट विमानतळाकडे निघाली. मी संयोजकांना विनवलं, एकदा त्या घरी जाऊ द्या. त्यांचाही इलाज नव्हता. विमान चुकलं असतं. खिडकीतून किल्ल्याचा तट मागे जाताना पाहिला आणि ध्यानात आलं, आपण साधं नावही विचारलं नाही.

पुढच्या वर्षी एक ओळखीचे गृहस्थ तिकडे गेले. त्यांच्याबरोबर मी तिच्यासाठी साडी पाठवली. ती तशीच परत आली. ते घर विकलं गेलं होतं, तिथं पाहुण्यांसाठी हॉटेल होत होतं. म्हातारी कुठे गेली, कुणाला नीट सांगता आलं नाही.

प्रज्ञाला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ साडीच्या घडीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "मी तिच्या मांडीवर निजली होती, बाबा. मले तिचं नाव नाई मालूम."

हे दुःख आता राहणारच. पण शरण जाणं म्हणजे काय, ते मला त्या पायरीवर थोडंसं समजलं. चालायचं आपणच, हे खरं आहे. पण पाय थांबतात तिथं दुसऱ्याच्या हाती विश्वासानं सोडून देणं, हेही त्याच वाटेवर येतं. प्रज्ञाला अजूनही कळा येतात. मी अजूनही घाबरतो. फक्त, आम्हाला कोण आहे, असं आता मी विचारत नाही.

विहारात मैत्रीभावना करताना, म्हणजे ध्यानात सगळ्यांचं भलं चिंतताना, मी एकेकाचं नाव मनात घेतो. आई, वडील, भाऊ, प्रज्ञा, तिची आई. मग गॉलच्या त्या म्हातारीची पाळी येते. घ्यायला नाव नसतं, म्हणून तेवढ्यापुरता मी नुसता थांबतो, आणि त्या थांबण्यातच माझं डोकं आपोआप खाली झुकतं.