समोरून येणारं विमान

क्रेनवर बसणाऱ्या माणसाला भीती वाटत नाही, असं खालच्या लोकांना वाटतं. खालच्या लोकांना काय, काहीही वाटतं. बगळ्याला भीती वाटायची. पूर्वी ती अधूनमधून यायची आणि जायची. गेले चौतीस दिवस मात्र ती रोज सकाळी त्याच्यासोबत शिडी चढायची आणि केबिनमध्ये त्याच्या शेजारी ठाण मांडून बसायची.

बगळा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. लांब मान, लांब पाय, आणि बावीस वर्षं टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये एकट्यानं बसून खाली टक लावून बघणं. साइटवर कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. घरी बायकोसुद्धा चिडली की म्हणायची, "आले बघा आमचे बगळे." माणूस सरळमार्गी. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. खोटं बोलायची वेळच कधी आली नव्हती, त्यामुळे आपण खोटं बोलू शकत नाही असा त्याचा गोड समज होता.

खाली स्लॅबवर उभं राहून त्याला वॉकीटॉकीवरून सूचना देणारा माणूस म्हणजे त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. अकरा वर्षं दोघांची जोडी. मेहुण्याचं तोंड क्रेनकडे, बगळ्याचं तोंड मेहुण्याकडे, म्हणजे एकाचं डावं ते दुसऱ्याचं उजवं. म्हणून या धंद्यात नियम असा, की खालचा माणूस "डावीकडे" म्हणाला तर ते वरच्याचं डावं समजायचं. उलटापालट जी काय करायची ती खालच्यानं आपल्या डोक्यात करून मगच तोंड उघडायचं. मेहुणा ते झोपेतसुद्धा करायचा. जेवायला बसल्यावर समोरच्याला "तुमच्या डाव्या हाताला मीठ आहे" असं सांगायची त्याला सवयच लागली होती.

चौतीस दिवसांपूर्वी, त्या दिवशी, लोखंडी सळ्यांचा गठ्ठा हवेत होता. मेहुणा म्हणाला, "डावीकडे, सावकाश." बगळ्याला स्वच्छ ऐकू आलं. डावीकडे म्हणजे आपल्या डावीकडे, हेही त्याला ठाऊक होतं. पण तो बघत होता मेहुण्याकडे, आणि का कोण जाणे, हातानं मेहुण्याचं डावं धरलं. केबिनमधला दांडा उजवीकडे गेला. गठ्ठा झोकांडी खाऊन थेट मेहुण्याच्या अंगावर आला. मेहुणा खाली बसला म्हणून वाचला. एका सळईचं टोक त्याच्या हेल्मेटवर बोटभर खोल चर पाडून गेलं.

बगळा शिडी उतरून येईपर्यंत साइट इंजिनियर तिथे पोचले होते. ते काय झालं म्हणून विचारणार, तेवढ्यात मेहुणाच म्हणाला, "चूक माझी, साहेब. मी उलट करायला विसरलो असेन. माझंच डावं बोलून गेलो असेन."

बगळ्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. बस्स, एवढंच. आयुष्यातलं पहिलं मोठं खोटं त्यानं एक अक्षर न बोलता ठोकून दिलं.

मेहुण्याला स्लॅबवरून काढून गोदामात बसवलं. तेही एक वेळ चाललं असतं. पण माणूस आतून ढासळत चालला होता. घरातून बाहेर पडताना चपला उलट्या तर घातल्या नाहीत ना, म्हणून खाली वाकून बघायचा. डॉक्टरकडे जाऊन डोक्याचा फोटो काढून आला. फोटोत काही निघालं नाही, तर आणखीच घाबरला. रस्ता ओलांडताना गाडी कुठल्या बाजूनं येईल याची खात्री वाटेना, म्हणून चाळिशीचा बाप्या बगळ्याची बाही धरायला लागला. आणि आता त्यानं जाहीर केलं होतं की सोमवारी राजीनामा देणार. "ज्याला डावं-उजवं कळत नाही, त्यानं बांधकामावर कशाला राहायचं?"

बगळ्याला रोज वाटायचं, आज सांगू. आणि रोज न सांगताच घरी जायचा. सांगितलं तर क्रेन जाणार, हे एक. बायको काय म्हणेल, हे दुसरं. पण खरी धडकी भरायची ती मेहुण्याच्या तोंडाकडे बघून. हा आपल्याकडे कसा बघेल?

शनिवारी बायकोनं फर्मान काढलं. "त्याला लहानपणापासून त्या दुमजली विमानाचं वेड आहे. रिमोटवर उडतं ते. जा, घेऊन द्या त्याला. निदान मैदानावर तरी जाईल. नाहीतर माझा भाऊ भिंतीकडे बघत बसून वेडा होईल."

दुमजली विमान म्हणजे बायप्लेन, एकावर एक दोन पंखांचं. मेहुण्यानं शाळेपासून त्याची चित्रं कापून वहीत चिकटवली होती. घ्यायचं धाडस मात्र कधी केलं नव्हतं.

दुकान सायकलींच्या सामानाच्या गल्लीत होतं, एका अरुंद जिन्यावर. छताला विमानं टांगलेली, टेबलावर स्क्रू, गोंद आणि छोट्या मोटारी. दुकानवाल्या बाईंचा चष्मा दोरीला लटकत होता आणि दोन बोटं गोंदानं कायमची पांढरी पडली होती. गिऱ्हाइकाला देव वगैरे मानणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या.

"पहिलंच विमान?" त्यांनी विचारलं.

"पहिलंच," मेहुणा म्हणाला. डोळे मात्र छताकडे. तिथे एक बायप्लेन होतं, दोन हात लांब पंख, वरून लालभडक, खालून पांढरं.

"पहिलं म्हणून बायप्लेन घेऊ नका, असं सगळे सांगतात," बाई म्हणाल्या. "निम्मं खरं आहे. दोन पंख आहेत, म्हणून हळू उडतं, तुम्हाला विचार करायला वेळ देतं. पण हवा अडवतं तेवढीच. उतरवताना मोटार एकदम बंद केलीत की धपकन खाली येतं. आणि मैदानावर जाऊन पंख जोडत बसावं लागतं. घ्यायचंच तर फोमचं घ्या, लाकडाचं नको. आणि वरून-खालून वेगळ्या रंगाचं घ्या, म्हणजे आकाशात उलटं की सुलटं ते कळेल."

"मला ते साधं पिवळं द्या," मेहुणा घाईघाईनं म्हणाला. "एका पंखाचं. आपोआप सरळ होतं ना ते? मला हल्ली डावं-उजवं कळत नाही."

बगळ्यानं खाली मान घातली.

"ते मी ठरवीन," बाई म्हणाल्या. "माझ्या दुकानाचा एक नियम आहे. कुणी काहीही मागो, आधी इथे कॉम्प्युटरवर विमान उडवून दाखवायचं. लांब जाणारं विमान कुणालाही उडवता येतं. ते वळून तुमच्याकडे तोंड करून येऊ लागलं, की डावं-उजवं उलटं होतं. तिथेच सगळे आपटतात. पाच वेळा समोरून सुखरूप आणलंत तर बायप्लेन. नाहीतर पिवळं."

जगात विमानाची इतकी दुकानं असतील, आणि बायकोनं पाठवलं ते नेमकं या दुकानात. बगळ्याला वाटलं, पोटात दुखतंय म्हणावं आणि जिना उतरून पळावं. पण मेहुण्यानं बाही धरली होती.

मेहुण्यानं बाही सोडून रिमोट घेतला. पडद्यावरचं विमान लांब गेलं, वळलं, आणि समोरून येऊ लागलं. वाऱ्यानं त्याचा एक पंख झुकला. बाई सांगायला लागल्या, "जो पंख खाली जाईल, दांडा त्याच बाजूला..." आणि थांबल्या. मेहुण्याच्या अंगठ्यानं ते आधीच केलं होतं. विमान सरळ झालं, डोक्यावरून गेलं, पुन्हा वळलं. दोनदा. तीनदा. पाच वेळा. बाईंनी पडद्यावरचा वारा वाढवला. सात, आठ, दहा. एकदाही अंगठा अडखळला नाही.

"कुठे शिकलात?" बाईंनी चष्मा नाकावर चढवला.

"कुठे नाही. अकरा वर्षं समोरच्याचं डावं बोलतोय मी." मेहुण्याच्या तोंडावर महिन्याभरात पहिल्यांदा हसू आलं. आणि तसंच अर्ध्यावर थिजलं. तो बगळ्याकडे वळला. "मग भाऊजी, त्या दिवशी कसा चुकलो मी?"

नजरेत संशयाचा लवलेश नव्हता. तो खरोखरच विचारत होता, घरातल्या मोठ्या माणसाला विचारावं तसं. बगळ्याला ते सोसवेना. तो पडद्याकडे बघत राहिला.

"आता तुम्ही," बाईंनी रिमोट बगळ्याच्या हातात कोंबला. "बघू तरी दोघांत कोण उस्ताद आहे."

नको म्हणायलाही जीभ हलावी लागते. ती हलली नाही. विमान लांब गेलं, वळलं. समोरून येऊ लागलं आणि बगळ्याच्या कपाळाला घाम फुटला. डावीकडचा पंख खाली गेला. दांडा डावीकडे द्यायचा, हे त्यानं आत्ताच ऐकलं होतं, डोळ्यांनी दहा वेळा पाहिलं होतं. त्याचा हात उजवीकडे गेला. विमान पालथं होऊन जमिनीत घुसलं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा अगदी तेच. ती झोकांडी त्याच्या ओळखीची होती. सळ्यांचा गठ्ठा असाच आला होता.

"सगळ्यांचंच होतं," बाई म्हणाल्या आणि खोकं शोधायला आतल्या खोलीत गेल्या.

"होतं हो, भाऊजी," मेहुणाही म्हणाला आणि त्यानं बगळ्याच्या पाठीवर हात ठेवला. "पहिल्यांदा आहे. एवढं घाबरताय काय?"

म्हणजे बगळा सुटला होता. चोर रंगेहाथ सापडला आणि पोलिसानंच त्याची समजूत काढली. यापुढे गप्प बसला असता तर जन्मभर कुणाला कळलं नसतं. सोमवारी राजीनामा गेला असता, मेहुणा भिंतीकडे बघत बसला असता, आणि बगळा रोज शिडी चढत राहिला असता, खाली दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर सळ्या झुलवत. पाठीवरचा तो हात त्याला भयंकर जड झाला.

"तू चुकला नाहीस," बगळा म्हणाला. "तू बरोबर बोललास. डावीकडेच म्हणालास. मी ऐकलं. दांडा मी उलटा टाकला."

पाठीवरचा हात निघाला.

पडद्यावर मोडकं विमान तसंच पडलं होतं. खाली गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवून बघत होतं.

"कधी कळलं तुम्हाला?" मेहुण्यानं विचारलं.

"त्याच क्षणी."

"मी डोक्याचा फोटो काढून आलो."

"हो."

"तुम्हीच घेऊन गेला होतात मला."

शिव्या बगळ्यानं आनंदानं खाल्ल्या असत्या, पण मेहुणा शिव्या देत नव्हता. तो नुसता बघत होता. ज्या नजरेला बगळा चौतीस दिवस भ्याला होता तीच ही नजर, आणि ती त्यानं कल्पना केली होती त्यापेक्षा वाईट होती. तीत राग कमी होता आणि नवल जास्त.

"सोमवारी साहेबांना सांगतो मी," बगळा कसाबसा म्हणाला. "क्रेन सोडतो."

"सांगा," मेहुणा म्हणाला. पुढे भाऊजी लावलं नाही.

बाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात लाल विमानाचं रिकामं खोकं होतं, पिवळ्याचं नव्हतंच. मेहुणा म्हणाला, "ते लाल द्या, बाई. दोन पंखांचं."

बाईंनी छताला टांगलेलं विमान उतरवलं, पंख सुटे केले, स्क्रू एका पुडीत बांधले, आणि सगळं लांबलचक खोक्यात नीट बसवलं. बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका, एवढं बजावून त्यांनी खोकं मेहुण्याच्या हाती दिलं.

रस्त्याच्या कडेला दोघं आले. सवयीनं बगळ्यानं हात जरा पुढे केला, मेहुण्यानं बाही धरावी म्हणून. मेहुण्यानं ती धरली नाही. खोकं काखेत मारलं, एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं, आणि सरळ चालत पलीकडे गेला.

बगळा अलीकडेच राहिला. त्याची पाचावर धारण बसली. आपला हात कधीही उलटा जाऊ शकतो, हे आता त्याला पुरतं कळलं होतं. उजवीकडे बघितलं तर गाडी डावीकडून येईल असं वाटे, डावीकडे बघितलं तर उजवीकडून. पाय उचलेना.

पलीकडून मेहुण्यानं हात वर केला. पंजा समोर. थांबा. वॉकीटॉकी बंद पडला की तो स्लॅबवरून असाच हात करायचा. बगळा थांबला. एक ट्रक धडधडत गेला, त्यामागून दोन रिक्षा. मग रस्ता रिकामा झाला. हात वरच होता. बगळ्याला वाटलं, आता हा असाच उभा राहणार आणि मग वळून निघून जाणार. तरीही तो हलला नाही. बावीस वर्षांत खालच्यानं हात उतरवल्याशिवाय त्यानं बादलीभर वाळूसुद्धा हलवली नव्हती.

बऱ्याच वेळानं हात खाली आला, आणि दोन बोटांनी बोलावलं.

बगळा पलीकडे पोचला. मेहुण्यानं खोकं दोघांच्या मध्ये जमिनीवर आडवं ठेवलं.

"लांब आहे, घरच्या जिन्यात एकट्याला वळणार नाही," तो खोक्याकडे बघतच म्हणाला. "डावीकडचं टोक धरा."

बगळा वाकला आणि वाकलेलाच राहिला. कुठलं टोक धरावं ते त्याला कळेना. "तुझं डावं," त्यानं भीत भीत विचारलं, "की माझं?"

"तुमचं, भाऊजी," मेहुणा म्हणाला. "मी कायम तुमचंच म्हणत आलोय."