सर्व्हरला न दिसणारी फाइल

वोनोसोबो गावातल्या त्या खाजगी तंत्रशाळेत हांडोयोसर कुणावरही भरवसा ठेवत नसत, आणि त्याचं कुणाला नवलही वाटत नसे. पूर्वी त्यांचं नेट कॅफे होतं, चुलतभावाच्या भागीदारीत. एका ईदला ते सासुरवाडीला गेले आणि परत येऊन बघतात तर दुकानात नुसती टेबलं. संगणक, पंखे, एवढंच काय, भिंतीवरचं घड्याळही घेऊन भाऊ समुद्रापलीकडे कालिमंतानला पसार झालेला. तेव्हापासून हा माणूस ताकच नव्हे, पाणीसुद्धा फुंकून प्यायचा.

शाळेची संगणक खोली त्यांच्या ताब्यात होती. तिथल्या मशीनना हार्डडिस्क नव्हत्याच. सकाळी बटण दाबलं की प्रत्येक मशीन केबलवरून कोपऱ्यातल्या सर्व्हरकडे सुरू होण्यापुरती फाइल मागायचं. सर्व्हरने ती दिली की पडदा उजळायचा. ही सगळी मांडणी केली होती लुकितोने. हा हांडोयोंच्या हाताखालचा मदतनीस, दोन लेकरांचा बाप, अबोल, मान खाली घालून काम करणारा. असा माणूस हांडोयोंना जास्तच संशयास्पद वाटायचा. बोलणाऱ्याच्या पोटातलं ओठावर येतं, न बोलणाऱ्याचं काय?

लुकितोला गावातल्या दुसऱ्या शाळेने बोलावलं आणि तो गेला. जाताना मिठाई वाटली, सगळ्यांच्या पाया पडला. हांडोयोंनी आशीर्वाद दिला आणि मनात म्हटलं, हा इतका गोड का वागतोय? त्याच आठवड्यात त्यांनी सर्व्हर साफ पुसला. लुकितोचा हात लागलेलं काही म्हणजे काही ठेवायचं नाही, असं ठरवून सगळी सॉफ्टवेअरं नव्याने, कोरी करकरीत बसवली.

दुसऱ्या दिवशी एकही मशीन सुरू होईना. काळ्या पडद्यावर पांढरी ओळ, 'फाइल सापडली नाही.'

हांडोयोंनी सर्व्हर उघडला. फाइल होती. चांगली डोळ्यांसमोर होती. मशीन परत चालू केलं, तर परत तेच. म्हणजे आपण बघतो तेव्हा फाइल असते आणि आपली पाठ फिरली की नसते? त्यांनी पासवर्ड बदलला, इंटरनेटची तार उपटून काढली. तरी तेच. सर्व्हर तर पुसलाय, मग मशीनच्याच पोटात काहीतरी पेरून गेला असणार, असं म्हणून त्यांनी दोन मशीनची पाठ खोलून पाहिली. आत धूळ होती.

घरी जेवताना बायको, कांती, म्हणाली, "तेंपेच्या वड्या निवतायत. कुठे लक्ष आहे?"

"लुकितोने डाव साधला."

"त्याला काय मिळणार त्यातून?"

"हेच कळत नाहीये. म्हणूनच तर वाटतंय की मोठं काहीतरी असणार."

"अहो, काही कळत नसेल तर काही नसूही शकतं," कांती म्हणाली आणि चटणीची वाटी त्यांच्यापुढे सरकवली. हांडोयोंनी तिच्याकडेही क्षणभर रोखून पाहिलं. ही त्याची बाजू का घेतेय?

हे मनातच राहिलं असतं तर बरं झालं असतं. पण शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना त्यांच्या तोंडून निघून गेलं, "जाताना सर्व्हरला काहीतरी करून गेला तो. मी नाव घेत नाही." नाव घ्यायची गरजच नव्हती. गाव ते केवढं. बाजारातून फिरत फिरत ती गोष्ट लुकितोच्या नव्या शाळेत जाऊन पोचली.

प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आली, तेव्हा मुख्याध्यापिका विदारतीबाईंनी हांडोयोंना न विचारता लुकितोलाच बोलावून घेतलं. दुपारी तो आला आणि खोलीच्या दारातच थांबला. हात जाकिटाच्या खिशात.

"आत ये ना," हांडोयो म्हणाले.

"नको सर. मी इथेच बरा. कीबोर्ड तुम्हीच धरा, मी कशालाही हात लावणार नाही."

सगळं त्याच्या कानावर गेलंय, हे हांडोयोंना तेव्हा कळलं. त्यांचे कान तापले, पण नजर लुकितोच्या खिशांवरून हलली नाही.

"मशीन सुरू करायच्या फाइली बनवणारं सॉफ्टवेअर त्या कुठे ठेवतं, तो फोल्डर काढा," लुकितो म्हणाला.

हांडोयोंनी काढला. 'व्हार' नावाच्या फोल्डरच्या आत, खोलवर कुठेतरी. "हे बघ, आहे इथे. रोज बघतोय मी."

"आता त्या फाइली मशीनना वाटणारं सॉफ्टवेअर त्या कुठे शोधतं, ते बघा. त्याच्या सेटिंगमध्ये असेल."

हांडोयोंनी सेटिंग उघडली आणि त्यांचा हात थांबला. तिथे भलताच पत्ता होता, 'एसआरव्ही' नावाच्या दुसऱ्याच फोल्डरच्या आतला. त्या फोल्डरात गेले, तर तो रिकामा.

"दोन्ही वेगवेगळ्या लोकांनी लिहिलीत, सर," लुकितो सांगू लागला. "एक आपल्या घरात माल ठेवतं, दुसरं आपल्या घरात शोधतं. कुणी कुणाला विचारत नाही. मी बसवलं तेव्हा मलाही असंच छळलं होतं. मग मी वाटणाऱ्याला पहिल्याचा पत्ता देऊन ठेवला."

"मग तो पत्ता गेला कुठे?"

उत्तर हांडोयोंना आपसूकच सापडलं. पुसला कुणी? त्यांनीच. त्याच्या हातचं काही नको म्हणून.

त्यांनी पत्ता बदलला, सर्व्हर पुन्हा चालू केला. पहिलं मशीन गुरगुरलं, पडदा उजळला. मग बाकीची. हांडोयो म्हणाले, "बस, चहा घेऊ." लुकितो म्हणाला, "क्लास आहे माझा," आणि निघाला. जाताजाता एवढंच बोलला, "तिकडे मला सर्व्हरच्या खोलीत पाऊल टाकू देत नाहीत, सर. मुलांना टायपिंग शिकवतोय."

दुसऱ्या दिवशी हांडोयो स्कूटर काढून त्या शाळेत गेले. मुख्याध्यापक सुब्याक्तो यांच्यासमोर बसून त्यांनी सगळं सांगितलं, स्वतः पुसल्याचं सुद्धा.

सुब्याक्तोंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग चष्मा काढून विचारलं, "हे तुम्हाला त्यानेच सांगायला पाठवलं का?"

हांडोयोंच्या समोर जणू आरसा होता, आणि त्यातला माणूस त्यांच्याकडे त्यांच्याच नजरेने बघत होता. शपथा घेतल्या असत्या, तरी सुब्याक्तोंना त्या शपथांचाही संशयच आला असता. शेवटी ते म्हणाले, "तुमच्या शिक्षकांना गोळा करा. त्यांच्यासमोर बोलतो."

आणि ते बोलले. मागच्या रांगेत लुकितो भिंतीला टेकून उभा होता. त्याने वर पाहिलं नाही.

सर्व्हरची खोली लुकितोला पुढच्या सत्रात मिळाली. आता बाजारात भेटले की दोघं बोलतात, मुलाबाळांची चौकशी करतात. मशीनबद्दल मात्र लुकितो चकार शब्द काढत नाही, आणि हांडोयोंना अजूनही कधीकधी वाटतं की याच्या मनात काहीतरी आहे. पण आता ते घरी येऊन कांतीला विचारतात, "असेल का गं?"

"असेलही," ती म्हणते. "तुम्ही कारणही तसंच दिलंयत."