तिन्हीसांजेचा शॉट

भाचीची शॉर्ट फिल्म आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये चालली होती आणि तिच्यातला म्हातारा मी होतो. वय जुळत होतं, घरही जागेवर होतं. अभिनयाचा विषय कुणी काढला नाही. एकच शॉट उरला होता. बायको गेलेला माणूस खिडकीशी बसलाय आणि खोलीत अंधार होत जातो. दिवा लावायचा नाही. 'नैसर्गिक प्रकाश' हे शब्द कॅमेरामन देवळात बोलावं तसे हळू आवाजात बोलायचा. तो प्रकाश रोज वीसेक मिनिटं मिळे.

पहिल्या दिवशी ती मिनिटं सोसायटीच्या चेअरमननी नारळ फोडून कलेविषयी बोलण्यात संपवली. दुसऱ्या दिवशी शॉट निम्म्यावर असताना बायकोने ट्यूब लावली.

"तिन्हीसांजेला घरात काळोख मला चालायचा नाही," ती भाचीला म्हणाली. "तुझा मामा बसतोच मेल्यासारखा. घरालाही तसं कशाला बसवतेस?"

तिसरी संध्याकाळ शेवटची. पुढच्या दिवशी भाचीला पुण्यात कामावर हजर व्हायचं होतं. शॉट झाला नाही तर फिल्म गेली. तिने मामीला विनवून स्वयंपाकघरात बसवलं. मी पांढरा झब्बा घालून खुर्चीत बसलो. तीन दिवस दुःखी बसून पाठ आखडली होती.

थोड्या वेळाने लोटलेलं दार उघडलं. खालच्या मजल्यावरचे शेजारी दुधाची पिशवी घेऊन वर आले होते. बाहेर आठ-दहा चपला, आत अंधार, कुणी बोलत नाही. त्यांनी जे समजायचं ते समजून घेतलं. कोपऱ्यातला कॅमेरा त्यांना दिसला नाही. ते माझ्या बाजूला बसले आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"कधी हो? सकाळी तर वहिनी बोलल्या माझ्याशी."

भाचीने मला हातानेच 'हलू नका' सांगितलं. मी खिडकीकडे बघत राहिलो. त्यांची बायको गेली तेव्हा मी दहा मिनिटं बसून, घड्याळ बघून उठलो होतो. हे मात्र अंधारात त्यांच्या हातातली दुधाची पिशवी दिसेनाशी होईपर्यंत बसले.

शॉट झाल्यावर बायको बाहेर आली. त्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. भाचीने माफी मागितली, मग भीत भीत विचारलं, "काका, हा शॉट ठेवू का फिल्ममध्ये?"

"ठेव," ते उठत म्हणाले. "पण परत बसायला सांगू नकोस."