उकडलेल्या अंड्याचा पाठ

केडगावच्या शाळेत मी विज्ञान शिकवायला लागलो तेव्हा माझी नोकरी तात्पुरती होती. मुख्याध्यापक मागच्या बाकावर बसून माझा एक पाठ बघणार, तो पसंत पडला तर मी कायम, नाहीतर जूनपासून गावी, राहूत बसून माशा मारायच्या. सत्तरच्या दशकातली गोष्ट. राहूच्या आमच्या बौद्ध वस्तीत बी.एस्सी. झालेला मी एकटाच, त्यामुळं अख्खी वस्ती माझ्या नोकरीकडं डोळे लावून होती.

आणि मी पाठ निवडला पेशीपटलाचा. कोणी सांगितलं होतं? पेशीभोवतीचं ते पातळ आवरण, मेदाचे दोन थर, त्यांत जागोजागी रुतलेली प्रथिनं. पाणी आत-बाहेर करतं, साखर-मिठाला मात्र प्रथिनं वाट देतील तेव्हाच शिरकाव. सगळं तोंडपाठ. पण पेशी डोळ्यांना दिसत नाही, मुलांना दाखवायचं काय? पुस्तकात तोड होती. अंडं सौम्य आम्लात ठेवलं की टरफल विरघळतं आणि आतला पापुद्रा उरतो. तो काही खरं पेशीपटल नव्हे, पण वागतो थोडाफार तसाच. मग ते साध्या पाण्यात ठेवायचं, पाणी आत शिरून अंडं टम्म फुगतं. हा प्रयोग मी स्वतः कधी पाहिला नव्हता. पुस्तकात होता, म्हणजे झालंच की!

घरी कोंबड्या होत्या. आईला म्हणालो, शाळेत न्यायला अंडी दे. कशाला ते मी सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही. सकाळी तिनं फडक्यात बांधलेली अंडी हातात ठेवली आणि मी एसटी पकडली.

टरफल ठरल्याप्रमाणं विरघळलं. खाली पांढरंशुभ्र, घट्ट अंडं निघालं. मी खूश. कच्चं अंडं टरफलाविना लिबलिबीत होतं, त्यातून उजेड आरपार दिसतो, हे ज्यानं कधी पाहिलंच नाही त्याला काय शंका येणार? मुलांसमोर दोऱ्यानं त्याचा घेर मोजला, दोऱ्याला गाठ मारली आणि अंडं पाण्यात सोडलं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक येऊन मागं बसले. मी फळ्यावर आकृती काढली, आवाज चढवून पटलाचं काम सांगितलं आणि अंडं काढून त्याला दोरा गुंडाळला. गाठ जिथल्या तिथं. पुन्हा गुंडाळला, तेच. मुख्याध्यापक उठून आले, अंडं बोटानं दाबून पाहिलं आणि खिशातल्या चाकूनं मधोमध कापलं. आत पिवळाधमक, घट्ट बलक.

"सर, मीठ आणू का?" मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळा वर्ग खो खो हसत सुटला. मुख्याध्यापक हसले नाहीत. अंडी कुठली, एवढंच विचारलं. घरची, आईनं दिली, म्हणालो. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं.

गावात बातमीला एसटी लागत नाही. मी घरी पोचायच्या आत आईला कळलं होतं. तिनं मला वाढलं, मी मान खाली घालून जेवलो.

सकाळी बघतो तर ती माझ्याआधी एसटीत. मांडीवर डबा, डब्यात बाजरी, बाजरीत रोवलेली कच्ची अंडी. तू नको येऊस म्हणालो, तिनं ऐकलं नाही. शाळेत थेट मुख्याध्यापकांच्या दारात जाऊन उभी राहिली. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही.

"सायेब, चूक माझी हाय," ती म्हणाली. "मला वाटलं, तुमास्नी खायाला न्हेतोय. यष्टीत फुटत्याल म्हनून उकडली. शिकलेल्या पोराला काय इचारायचं, म्हनून इचारलं न्हाई. त्याची नोकरी घालवू नका."

मी तिच्यामागं उभा होतो. वर्गात वाटलेली लाज ह्यापुढं काहीच नव्हती.

मुख्याध्यापकांनी तिला आत बोलावून खुर्ची दिली. ती कडेला टेकली. मग ते मला म्हणाले, ह्यांना प्रयोग समजावून सांगा, हाच तुमचा पाठ. वर्गात खणखणीत बोलणारा मी चाचरत सुरू झालो. पापुद्रा म्हणजे काय, पाणी त्यातून आत कसं शिरतं, उकडल्यावर आतलं सगळं थिजून अंडं का फुगत नाही. आई माझ्या तोंडाकडं बघत ऐकत होती.

पाठ पसंत आहे, जूनपासून कायम समजा, असं मुख्याध्यापक म्हणाले. मला ते धड ऐकूही आलं नाही. कारण आई डबा माझ्या हातात देत हळूच म्हणाली, "येवढंच व्हतं व्हय? मंग मला सांगायचं की रं. कळलं असतं."