नवघरातले रुबल

गिरगाव सोडून आम्ही भाईंदरला नवघरमध्ये राहायला आलो तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही म्हणजे नवरा, सासूबाई आणि मी. मी फोर्टमधल्या एका शिपिंग एजंटच्या ऑफिसात टायपिस्ट होते. जेवणाच्या सुट्टीत डबा लवकर आटपून एकटीनेच चक्कर मारायची मला सवय होती. अशाच एका चकरेत, फुटपाथवर जुनी नाणी विकणाऱ्या माणसाकडे मला झारच्या काळातली शंभर रुबलची नोट दिसली.

रशियाबद्दल मला विशेष काही वाटत नव्हतं. रशिया म्हणजे स्वस्तात मिळणारी गुळगुळीत कागदाची पुस्तकं, एवढीच माझी ओळख. पण ती नोट माझ्या वितीपेक्षा लांब होती. एका बाजूला मुकुट घातलेली राणी, आणि कोऱ्या दिसणाऱ्या जागेत उजेडाला धरलं की तीच राणी पुन्हा, फिकट. एवढा मोठा कागद लोक खिशात कसा ठेवत असतील, हा प्रश्न मला पडला आणि मी ती विकत घेतली. पुढे जमेल तशा आणखी घेतल्या. एक रुबलची, तीनची हिरवी, पाचची निळी, पंचवीसची दाढीवाल्या झारची. खाडीच्या दमट हवेत कागद मऊ पडायचा, म्हणून नोटा प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून कपाटात साड्यांच्या वर ठेवत असे.

सासूबाई मूळच्या रत्नागिरीकडच्या. त्यांनी एकदाच विचारलं, "ह्या चालतात खंय?"

"कुठेच नाही."

"मग नवीन असताना चालत होत्या, एवढाच उपयोग," असं म्हणून त्या तांदूळ निवडायला बसल्या. नवऱ्याने तेवढंही विचारलं नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर एक गुजराती शेजारी राहायचे. त्यांना सगळी बिल्डिंग भाई म्हणायची. जवळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये त्यांचा गाळा होता, तिथे कॉटनचे शर्ट आणि फ्रॉक शिवले जायचे. सोव्हिएत संघ मोडल्यावर एक-दोन वर्षांत रशियातून सुटे व्यापारी मुंबईत येऊ लागले. मोठ्या चौकडीच्या पिशव्या भरून माल न्यायचा, तिकडे बाजारात विकायचा. त्यांतली एक बाई भाईंची गिऱ्हाईक झाली. एका रविवारी भाईंनी आमची बेल वाजवली. "भाभी, वो आपका रशियावाला कागज है ना, लेके उपर आओ ने. मॅडम आयी है."

बाई चाळिशीची असावी. पूर्वी ती शाळेत भूगोल शिकवायची, असं तिने तुटक इंग्रजीत सांगितलं. मी नोटा टेबलावर मांडल्या. तिला आश्चर्य वाटेल अशी माझी अपेक्षा होती. तसं काही झालं नाही. तिने शंभरची उचलली, पिशवीतून बाहेर काढली आणि त्यावरचा मजकूर मोठ्याने वाचू लागली. इतकी वर्षं जी अक्षरं मला नक्षीसारखी होती, त्यांचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

"ही नोट आणा, बँक सोनं देईल. कितीही आणा. देशाची सगळी मालमत्ता तारण आहे."

भाई व्यापारी माणूस. त्यांनी लगेच विचारलं, "फिर मिला किसी को?"

"नाही," ती म्हणाली.

मग तिने तिच्या आजीचं सांगितलं. आजीच्या वडिलांचा लाकडाचा धंदा होता. अशा नोटांची पुडकी त्यांनी जमिनीच्या फळ्यांखाली ठेवली होती. राज्य गेलं तरी हे पैसे एक दिवस पुन्हा चालतील म्हणून घरातले लोक थांबून राहिले. पुढे नोटा जवळ असणंच धोक्याचं झालं, तेव्हा आजीच्या आईने त्या चुलीत घातल्या. आजी तेव्हा लहान होती. जाड कागद लवकर पेटत नव्हता, एवढं तिला आठवतं. आजी अजून होती, नातीकडेच राहत होती.

"तिला दाखवायला ही नेऊ का?" बाईने विचारलं.

शंभरची माझ्याकडे ती एकच होती. मी म्हटलं, "उद्या सांगते." दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना नोट भाईंकडे देऊन गेले. फार मोठ्या मनाने दिली असं नाही. ती नोट हातात घेऊन म्हातारी काय म्हणेल, हे मला हवं होतं, आणि ते कळायला दुसरा रस्ता नव्हता.

बाई पुन्हा आली ती उन्हाळा उलटल्यावर. या वेळी ती थेट आमच्या दारात आली. सासूबाईंनी तिला "बस गो" म्हणून स्टूल दिलं आणि पोह्यांची बशी हातात ठेवली. तिने ते शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ले.

मग तिने सांगितलं. आजीने चष्मा लावून नोट दोन्ही बाजूंनी पाहिली, वास घेतला आणि विचारलं, "कितीला घेतलीस?"

"भेट मिळाली."

"मग तिला परत काहीतरी दे. असं फुकट ठेवून घेऊ नये."

आणि आजी स्वतः कामाला लागली. तिकडच्या त्यांच्या बिल्डिंगमधल्या म्हाताऱ्यांकडे जाऊन जाऊन तिने त्यांच्या पेट्यांतून, उशांच्या अभ्र्यांतून नोटा गोळा केल्या. बाईने रशियन वर्तमानपत्रात बांधलेलं ते गाठोडं माझ्यापुढे ठेवलं. आत सगळ्या किमतींच्या नोटा होत्या, शंभरच्याच सगळ्यांत जास्त. पाचशेच्याही होत्या, त्यांवर मिशीवाला झार. मी एवढ्या वर्षांत हळूहळू जमवलं होतं त्यापेक्षा जास्त त्या कागदात होतं.

मी आभार मानले. रात्रीच्या भाताचा कुकर लावताना लक्षात आलं की आता शोधायला काही उरलं नाही. वाईट वाटलं म्हणावं तर तसंही नाही. पाहुणे गेल्यावर घर शांत होतं तसं काहीतरी. त्यानंतर मी नोटा विकत घेतल्या नाहीत. ज्यांनी मागितल्या त्यांना एकेक देत गेले.

भाईंनी पाचशेची मागून घेतली आणि फ्रेम करून गाळ्यात लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी लावली. त्या देशात आपला माल जातो म्हणून. काही वर्षांनी बाईचं येणं थांबलं, कारण कधी कळलं नाही. भाई शाळेचे गणवेश शिवू लागले. दिवाळीत त्यांनी आम्हाला लक्ष्मीपूजनाला गाळ्यात बोलावलं. मशीनना, कात्रीला, गल्ल्याला कुंकू लावत ते फ्रेमपाशी आले आणि काचेवर, झारच्या बरोबर मिशीवर, बोट टेकवलं.

सासूबाई म्हणाल्या, "कपाळावर लावायचं हो."

भाईंनी रुमालाने काच पुसली आणि पुन्हा नीट लावलं.