पाचवं अनुमोदन

मी लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहायला बसलं की आगाऊपणा केल्यासारखं वाटतं. माफ करा. पण हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

हिंगोलीत शिकत असताना मी एका मराठी संकेतस्थळाचं बिनपगारी काम बघायचो. सभासदांच्या सूचना माझ्याकडे होत्या. पंधरा दिवसांत पाच जणांनी अनुमोदन दिलं तर सूचना पुढे जायची, नाहीतर बंद. नेटकॅफेचा मालक हसायचा, "काय सरपंच, आज किती अर्ज आले?"

एकदा पुण्यात नोकरी करणाऱ्या एका सभासदाची सूचना आली. गोरमाटी या बंजारा बोलीतल्या ढावल्यांसाठी, म्हणजे लग्नात नवरी रडत म्हणते त्या गाण्यांसाठी, वेगळा विभाग हवा होता. "विभाग उघडला की रजा टाकून तांड्यावर जातो. याडीला लई येतात. ती म्हणंल, मी उतरवून घेईन." याडी म्हणजे आई.

खाली एकानं लिहिलं, "इथे मराठी चालतं. उद्या कोणी चिनी विभाग मागेल."

"मागू द्या की साहेब. त्याच्या याडीलाबी गाऊ द्या."

चार अनुमोदनं आली. पाचवं मला देता आलं असतं. मीही तांड्यावरचाच. बहिणीच्या लग्नात तिचा ढावलो ऐकून मांडवामागे जाऊन रडलो होतो. पण संकेतस्थळावर काय किंवा कॉलेजात काय, मी हे कुणाला कळू दिलं नव्हतं. सूचना बघणाऱ्यानं बाजू घेऊ नये, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि सोळाव्या दिवशी लिहिलं, "पुरेशा अनुमोदनाअभावी बंद."

"बराबर हाय," एवढंच त्याचं उत्तर आलं.

तीन-चार महिने ते मनातून गेलं नाही. शेवटी इतर व्यवस्थापकांना भीत भीत विचारलं. कुणाचीच हरकत नव्हती. मी विभाग उघडला आणि त्याला निरोप पाठवला, मीही गोरमाटी आहे, लाजेपायी गप्प बसलो, आता तुम्ही गावी जा.

आठवडाभर रोज कॅफेत जाऊन बघत होतो. मग उत्तर आलं.

"भाऊ, लाज कायची? मी बी हापिसात कुठं सांगतो? विभाग राहू द्या, कुणाच्या तरी कामी येईल. माझी याडी मागच्या महिन्यात गेली."