कॉम्प्युटरला बोलायची रीत शिकवणारे दाजी

कॉम्प्युटर मुळात सज्जन असतो, फक्त त्याला चारचौघांत बोलायची रीत कुणी शिकवलेली नाही, असं ठामपणे मानणारा माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात एकच, आणि तो माझ्या बहिणीच्या नशिबी आला. आमचे हे दाजी कागलला कॉम्प्युटरचा क्लास चालवतात. पडद्यावर इंग्रजी वाक्य उमटलं रे उमटलं की त्याचं कोल्हापुरी करून खणखणीत आवाजात सांगायचं, ही त्यांची खोड. मशीन अडकलं की, "रुसलंय ते. चला, च्या पिऊन येऊ." पुसू का, असं त्यानं विचारलं की, "नक्की काय, का उगंच म्हणताय, असं इचारतंय बघा!" नृसिंहवाडीला दर्शनाला गेलो, तर एटीएमचा पडदा वाचून ते मागच्या रांगेला अर्थ सांगत सुटले. रांगेतल्या एकानं ताईलाच विचारलं, "वैनी, पावणं बँकेत हाईत काय?" ताई तडक गाडीत जाऊन बसली.

त्यांच्या क्लासात हमीदाभाभी यायच्या. शिवणकाम करायच्या, ब्लाऊजचे नमुने कॉम्प्युटरवर काढायला शिकत होत्या. एकदा दाजी बाहेर गेलेले असताना त्यांच्या पडद्यावर 'फेटल एरर' असं आलं. शेजारच्या मुलीनं डिक्शनरी बघून सांगितलं, फेटल म्हणजे जिवावरचं. भाभी उठल्या आणि घरी गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. शेवटी दाजी मला घेऊन त्यांच्या घरी गेले.

"मेलंबिलं न्हाय वो, ठसका लागलावता त्याला," दाजी म्हणाले.

भाभी हसल्या नाहीत. "सर, तुमाला इंग्रजी येतंय, म्हणून तुमाला ठसका दिसतोय. मला मयताचा सांगावा दिसतोय."

त्या दिवशी दाजी घरी येऊन गप्प बसले. ताईनं कपाळाला हात लावून ताप बघितला.

मग भाभींचं ते सॉफ्टवेअर मराठीत आणणाऱ्या हौशी मंडळींत दाजी शिरले. ऑनलाइन बैठकीत कुणीतरी 'घातक त्रुटी' असं सुचवलं, तर दाजी गरजले, "आमच्या भाभींना तुटी-बिटी काय कळणार? 'घोटाळा झालाय' लिवा की!" आवाज ऐकून शेजारी डोकावले. नागपूरच्या एक बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, आमच्याकडे घोटाळा म्हटलं की पोलीस आठवतात. शब्द सगळ्यांना पुरायला हवा ना?"

दाजींनी माईक बंद केला. माझ्याकडे वळून म्हणाले, "व्हय की रं. आपलं कोल्हापुरी बी दुसऱ्याला इंग्रजीच हाय."

पुढचे कित्येक आठवडे ती माणसं एकेका शब्दावर भांडली, हसली आणि ठरवत गेली. 'फेटल एरर'च्या जागी शेवटी आलं, 'काम मध्येच थांबलं आहे. तुमच्या हातून काही मोडलेलं नाही.' दुसरं वाक्य दाजींचं. बाईंनी त्यातली वेलांटीसुद्धा हलवली नाही.

भाभींना त्यांनी आग्रहानं बोलावून आणलं. काम करताना मशीन पुन्हा अडकलं आणि ते नवं वाक्य पडद्यावर आलं. भाभींनी बोट ठेवून ते पुन्हा पुन्हा वाचलं आणि पदर खोचून विचारलं, "बरं, मग आता फुडं काय दाबू?"

आता क्लासात पडदा ज्याचा तो वाचतो. परवा गेलो तेव्हा दाजी दारातल्या खुर्चीत नुसतेच बसले होते. आत एक म्हातारे गृहस्थ अक्षर अक्षर लावत काहीतरी वाचत होते. मी हाक मारणार, एवढ्यात दाजींनी ओठांवर बोट ठेवलं.